सरळ खाली

त्या हंगामात मक्याला अळी लागली ती एकट्यादुकट्याच्या नाही, सगळ्यांच्याच. सकाळी शेंड्याच्या पोंग्यात बोट घातलं की भिजलेल्या भुशासारखी घाण बोटाला लागायची आणि तिच्याखाली अळी पाहुण्यासारखी आरामात बसलेली असायची. पाठीवरच्या पंपाने फवारावं तर मका डोक्याच्या वर गेलेला. आत शिरलेला माणूस औषधात न्हाऊनच बाहेर यायचा आणि दोन दिवस डोळे चोळत बसायचा. त्यामुळे आमच्या शेतकरी गटाच्या ड्रोनला एकदम भाव आला. नंबरावरून भांडणं व्हायला लागली. पहाटे दाराशी उभी राहून माणसं विचारायची, आज कोणाचं रान?

ड्रोन गटाचा, पण उडवायचो मी. शिकायला कोणी जायचं असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले होते आणि मी हात वर केला होता. चाळिशी उलटलेला माणूस दहा दिवस वर्गात बसला, परीक्षा दिली, पास झाला. परत आलो तर लोकांनी माझं नावच 'घार' ठेवलं. घार आली का, घार उद्या कोणाकडे, असं बोलायचे. मी वरवर चिडायचो. आतून गुदगुल्या व्हायच्या, ते आता कबूल करायला हरकत नाही.

कामाला आम्ही घरचीच तिघं. बायको औषध ढवळायची आणि टाकी भरायची. धाकटा भाऊ बॅटऱ्या सांभाळायचा. आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्याने फळ्या ठोकून बॅटऱ्यांची मांडणी केली होती. प्रत्येकीवर खडूने नंबर, कोणती कधी भरली, कोणती गरम होते, सगळं त्याला तोंडपाठ. तो तिशीचा, एकटा, आमच्या शेजारच्याच दोन खोल्यांत आईबरोबर राहायचा. जेवायला मात्र दोघं आमच्याकडे. बॅटरीला तो लहान मुलासारखा कापडाने पुसायचा. आई म्हणायची, "ह्याला बायको करून देण्यापेक्षा अजून एक बॅटरी द्या, जास्त खूश होईल."

एका बॅटरीत एक टाकी फवारून व्हायची. जेमतेम दहा-बारा मिनिटं. मग ड्रोन परत आणायचा, बॅटरी बदलायची, टाकी भरायची, पुन्हा वर. रानाच्या कडेला उंच झाडांची रांग आणि तिच्यापलीकडे विजेच्या तारा असल्या तर परत येताना ड्रोन त्यांच्याही वरून काढावा लागायचा. एकावर एक माणूस उभा केला तर चांगला बारा-पंधरा पुरुष उंच. एवढ्या उंचीवरून तो खाली आणायलाच वेळ जायचा.

आम्हाला शिकवणारे मास्तर एकदम कडक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर ड्रोन काढला, त्याच्याखाली बाण काढले आणि म्हणाले, "पंखे हवा खाली ढकलतात म्हणून यंत्र वर राहतं. तुम्ही भरभर सरळ खाली आलात तर आपल्याच ढवळलेल्या हवेत उतरता. तिथं पंख्यांना धरायला काही नसतं. यंत्र आधी डुगडुगतं, मग धाडकन बसतं. घाबरून वर ओढाल तर आणखी बसेल. तेव्हा काय करायचं? बाजूला निघायचं. रिमोटची उजवी दांडी पुढे दाबा, चांगल्या हवेत या, मग सावरा." लवकर उतरायचं असेल तर तिरकं या, पुढे सरकत या, नाहीतर मोठा वळसा घालत या. शेवटचे दोन पुरुष अगदी सावकाश. आणि पंधरा पावलांच्या आत माणूस नको. हे त्यांनी आमच्याकडून रोज म्हणून घेतलं, पाढ्यांसारखं.

मला ते अजून येतं. तेव्हाही येत होतं.

पण तिरकं यायला मोकळी जागा लागते, वळसा घालायला वेळ लागतो. आणि सरळ खाली आणला की बघणाऱ्यांच्या तोंडून आवाज निघायचा. पहिल्यांदा मी तो चुकून तसा आणला. झाडांवरून आला, डोक्यावर थांबला, आणि मी रिमोटची डावी, वर-खाली करायची दांडी पार खाली ओढली. दगडासारखा आला आणि उतरायच्या ताडपत्रीच्या दोन हात वर मी तो थांबवला. मळ्यावर पाच-सहाजण होते. एकजण म्हणाला, "आयला, घारच!" खरं तर घार अशी सरळ कधीच उतरत नाही, गोल गोल घिरट्या घालत येते. पण ते ना त्याने कधी बघितलं होतं ना मी.

त्यानंतर मी तसाच उतरवायला लागलो. कधीकधी तो मध्येच थोडा डुगडुगायचा. मी दांडी वर करायचो आणि तो सावरायचा, कारण नशीब. आमची तिघांची झटपट कामाची एक पद्धतही बसली. ड्रोन अजून हवेत असतानाच भाऊ भरलेली बॅटरी छातीशी धरून ताडपत्रीच्या कडेला, बायको औषधाचा कॅन घेऊन दुसऱ्या कडेला. पंधरा पावलं सोडा, चार पावलंही नव्हती. पंखे थांबायच्या आत भाऊ वाकलेला असायचा. दुसऱ्या गावचे लोक आमची पद्धत बघायला यायचे.

त्या दिवशीही आले होते. ज्याच्या मळ्यावर फवारणी होती त्याने आपले पाहुणे आणले होते, चांगले आठ-नऊजण. दुपार टळली होती. पश्चिमेकडून वारा सुटायला लागला होता आणि शेवटची अर्धी टाकी रिकामी करून ड्रोन झाडांवरून परत येत होता. मी टोपी पुढे ओढून रिमोटच्या काचेकडे बघत होतो. बॅटरी चौतीस टक्के. म्हणजे भरपूर. परत एकदा जाऊन येण्याइतकी.

वाऱ्याची घाई होती असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. वारा होता हे खरं. पण तिरकं आणायला माझ्याकडे वेळ होता, डाव्या बाजूला नांगरलेलं मोकळं रान होतं. मी ड्रोन डोक्यावर आणून थांबवला आणि पाहुण्यांकडे एकदा बघितलं. ते वर बघत होते. मग मी दांडी ओढली.

निम्म्यावर आला आणि हलायला लागला. साधं डुगडुगणं नाही. फांदी गदागदा हलवावी तसा. पंख्यांचा आवाज फाटल्यासारखा झाला. त्या क्षणी मला मास्तरांचा फळा दिसला, खरोखर दिसला. बाजूला काढ. उजवा अंगठा नुसता पुढे करायचा होता. पण हाताला सवय दुसरी लागली होती. मी डावी दांडी वर ओढली, सगळी. तो आणखी बसला. तीन पुरुषांवरून तो पडला असं म्हणायलाही हरकत नाही. एक पाय ताडपत्रीला लागला, वाकडा झाला, आणि फिरत्या पंख्यांसकट ड्रोन बायकोच्या अंगावर कलंडला.

तिने तोंडापुढे हात धरला म्हणून तोंड वाचलं.

उजव्या हाताची मागची बाजू मनगटाच्या जरा पुढे आडवी कापली होती. आत पांढऱ्या दोऱ्या दिसत होत्या. ती ओरडली नाही. "अहो, कॅन सांडला," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. भावाने अंगातला सदरा काढून तिच्या हाताला आवळून बांधला. मळेवाल्याच्या गाडीतून आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. वाटेत तिच्या मांडीवरून रक्त गाडीच्या गादीवर गेलं, तर ती डाव्या हाताने पदराने पुसत होती.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा आम्ही दोघं भाऊ बाहेर बाकावर बसलो होतो. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं. भाऊ उघडाच होता, मळेवाल्याने दिलेला टॉवेल अंगावर. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "दादा, ती बॅटरी पुरती भरली नव्हती."

मी त्याच्याकडे बघितलं.

"पहाटे वीज गेली. ऐंशीवर आली होती. म्हटलं, चालेल. तुला सांगितलं नाही." त्याने टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला. "वरच संपली ना ती? माझ्यामुळे पडला ना?"

चौतीस टक्के हे फक्त मला माहीत होतं. काच माझ्या हातात होती. मला एवढंच म्हणायचं होतं, नाही रे, बॅटरी होती. चार शब्द.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं."

तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. जाणारी-येणारी माणसं बघत होती, एक म्हातारी तर माझ्याकडे बघून समजुतीने मान हलवून गेली. किती समजूतदार भाऊ आहे, असंच तिला वाटलं असणार. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. तो हात अजून माझा मलाच नकोसा वाटतो.

मग पुढचं सगळं माझ्याशिवायच होत गेलं. भावानेच ते घरी आईला सांगितलं, मळेवाल्याला सांगितलं, गटाच्या अध्यक्षांना सांगितलं. आई त्याला काही बोलली नाही, फक्त दोन दिवस त्याच्याशी बोलायचंच विसरली. कंपनीचा दुरुस्तीवाला आला. वाकडा झालेला पाय आणि दोन पंखे बदलताना त्याने विचारलं, "पडताना बॅटरी किती होती? रिमोटमध्ये रेकॉर्ड असतं, पण ते काढायला रिमोट कंपनीत पाठवावा लागेल. पंधरा-वीस दिवस जातील."

अध्यक्ष म्हणाले, "तोवर कणसं सुद्धा राहायची नाहीत. आणि काढायचं काय त्यात? पोरगा स्वतःच कबूल करतोय."

मी दुरुस्तीवाल्याला स्क्रू देत होतो. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला, तो मी मातीत शोधत बसलो. डोकं वर काढलं तेव्हा विषय संपला होता. बॅटऱ्यांचं काम भावाकडून काढून अध्यक्षांच्या पुतण्याकडे दिलं गेलं. फळ्यांची मांडणी मात्र आमच्याच खोलीत राहिली. पुतण्या यायचा आणि भाऊ त्याला दारात उभं राहून सांगायचा, तीन नंबर जरा गरम होते, तिला सावलीत ठेव.

बायको पंधरा दिवसांनी घरी आली. मधली दोन बोटं सरळ होत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, थोडी होतील, पूर्वीसारखी नाही. दोन बोटं कायम आत वळलेली. भांडं धरता येत नव्हतं, वेणी घालता येत नव्हती, नाडी बांधता येत नव्हती. वेणी मी घालायला लागलो. माझी वेणी चालता चालता सुटायची. एकदा शेजारणीने बघितली आणि हसली, बायकोही हसली. मग आत येऊन कंगवा माझ्या हातातून घेऊन डाव्या हाताने खूप वेळ स्वतःच ओढत बसली.

भाऊ आमच्याकडे जेवायचा बंद झाला. आई त्याचं ताट झाकून घेऊन जायची. पण रोज सकाळी तो मागच्या दाराने यायचा, आमच्या घरची सगळी भांडी घासायचा, पाणी भरायचा आणि वहिनी समोर येईल त्या आधी निघून जायचा. ती नको म्हणाली की हातातलं भांडं तसंच धरून उभा राहायचा. मी त्या वेळी गोठ्यात काहीतरी काम काढायचो.

फवारणी थांबली नव्हती. आठ दिवसांतच ड्रोन पुन्हा उडायला लागला आणि तो मीच उडवत होतो, कारण दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. आता मी तो लांबूनच तिरका आणायचो. झाडांपलीकडूनच हळूहळू उंची सोडत, पुढे सरकत, जागा अपुरी असेल तर मोठा वळसा घेत. ताडपत्रीजवळ आला की दोन पुरुषांवर थांबवायचो आणि मग बोटभर बोटभर खाली. माणसं पंधरा पावलांवर. कोणी पुढे आलं तर मी ओरडायचो. आणि गंमत म्हणजे वेळ काही फारसा जास्त लागत नव्हता. टाकीमागे एखादं मिनिट. ते मिनिट मी दोनदा मोजून बघितलं.

महिना उलटला. एक दिवस बायको म्हणाली, "घरात बसून कंटाळा आला, मळ्यावर येते." आमचाच मका होता. मी तिला बांधावर सावलीत बसवलं. हाताला अजून पट्टा होता. मी दोन टाक्या केल्या. तिसऱ्या टाकीनंतर ड्रोन उतरला, पंखे थांबले, पुतण्या बॅटरी घेऊन पुढे झाला आणि मी पाणी प्यायला तिच्याजवळ आलो.

"आता तिरकं उतरवता तुम्ही," ती म्हणाली.

"हं."

"आधी सरळ यायचा. दगडासारखा."

"तिरकं बरं असतं. सुरक्षित."

"कोणी सांगितलं?"

"मास्तरांनी."

"ते कधी आले होते?"

फोन केला होता म्हणून सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मांडीवर तो हात होता. "शिकताना सांगितलं होतं," मी म्हणालो.

"शिकताना," ती म्हणाली. मक्याकडे बघत बसली. पुतण्याने बॅटरी बसवल्याचा खटका ऐकू आला. मग तिने विचारलं, "त्या दिवशी बॅटरी किती होती?"

"चौतीस."

"म्हणजे होती."

"भरपूर होती."

तिने पट्ट्याच्या कडेचा एक दोरा निघाला होता तो डाव्या हाताने ओढून तोडायला बघितला. तुटेना. मी हात पुढे केला तर तिने हात मागे घेतला.

"तुमचा भाऊ सोमवारी चाललाय, माहितीये ना?" ती म्हणाली. "रस्त्याच्या कामावर. आई सांगत होती, लांब आहे, वर्ष-दोन वर्षं येणार नाही. कोणाला तोंड दाखवत नाही, जेवत नाही. आपली उष्टी भांडी घासतो रोज. आणि तुम्ही गोठ्यात जाऊन बसता. मला वाटायचं, भावाचे हाल तुम्हाला बघवत नाहीत."

"मी सांगणार होतो."

"कधी?"

"गटासमोर सांगतो," मी म्हणालो. "सगळ्यांना बोलावतो, उडवून दाखवतो कसं झालं ते..."

"पुन्हा माणसं जमवायची?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुतण्याने वळून बघितलं. "तोंड आहे ना? तोंडाने सांगा. आधी त्याला."

"तुझ्या हाताचं..."

"हाताचं मी नंतर बघते," ती म्हणाली. "आधी त्याचं बघा."

ती उठली आणि एकटीच बांधावरून घराकडे निघाली. तोल जाऊ नये म्हणून दुखरा हात छातीशी धरून चालत होती.

मी तसाच तिच्या मागोमाग गेलो. भाऊ मागच्या खोलीत होता. बॅटऱ्यांवरचे खडूचे नंबर पुसट झाले होते ते तो पुन्हा लिहीत होता, जाण्याआधी. मी दारात उभा राहिलो आणि सांगून टाकलं. बॅटरी चौतीस टक्के होती. मी सरळ खाली पाडला. चूक माझी. तुझी काडीचीही नाही.

त्याने खडू थांबवला, आणि हसला. दुःखाने हसतात तसं.

"दादा, पुरे आता."

"अरे, खरं सांगतोय."

"मी चाललोय म्हणून सांगतोयस. मला बरं वाटावं म्हणून." त्याने पाच नंबर नीट काढला. "तू असाच आहेस. दवाखान्यात पण काय म्हणालास? होतं असं. दुसरा कोणी असता तर त्याने तिथंच मला कानफटवलं असतं. तेवढ्या एका शब्दावर मी दिवस काढले बघ."

मी शपथ घेतली. त्याने मान हलवली. मास्तरांचं सगळं सांगितलं, फळा, बाण, ढवळलेली हवा. तो ऐकत होता आणि त्याच्या तोंडावर माझ्याविषयी माया होती. सव्वा महिना मी ज्याला चार शब्द सांगितले नाहीत, तो आता चारशे शब्द ऐकायला तयार नव्हता.

शेवटी मी म्हणालो, "ती बॅटरी कोणती होती?"

"चार नंबर."

"भर. ऐंशीपर्यंतच भर. आणि चल माझ्याबरोबर."

तो तयार झाला तो माझं मन राखायला. दोन तासांनी आम्ही दोघं नांगरलेल्या रानात उभे होतो. टाकी रिकामी. बायकोला मी बोलावलं नव्हतं, पण ती आली आणि लांब बांधावर उभी राहिली. बाकी कोणी नव्हतं. वाराही बेताचाच होता.

मी ड्रोन वर घेतला, बारा-पंधरा पुरुष, आणि तिथेच थांबवून ठेवला. रिमोट दोघांच्या मध्ये धरला. काचेवरचा आकडा खाली येत होता. एकोणऐंशी. सत्तर. रिकाम्या टाकीने बॅटरी लवकर उतरत नाही, त्यामुळे वेळ लागत होता. मान दुखायला लागली. साठ. भाऊ एकदा म्हणाला, "चार नंबर तशी चांगली आहे." पन्नास. चाळीस. मग पस्तीस, आणि चौतीस.

"बघ," मी म्हणालो आणि डावी दांडी पार खाली ओढली.

सरळ आला. आला आणि निम्म्याच्या जरा वर हलायला लागला. तसाच गदागदा, तसाच फाटका आवाज. भाऊ दोन पावलं मागे सरकला, पंधराच्या जागी आम्ही चाळीस पावलांवर होतो तरी. "वर ओढ!" तो ओरडला. मी वर ओढलं, एक क्षणभर, आणि ड्रोन धप्पकन आणखी खाली बसला. मग मी उजवा अंगठा पुढे केला. ड्रोन नाक खाली घालून पुढे सटकला, दहा-बारा हात गेला, आवाज एकसारखा झाला आणि तो हवेत उभा राहिला, जसं काही झालंच नव्हतं. तिथून मी त्याला तिरका फिरवून आणला आणि ढेकळांवर टेकवला.

पंखे थांबले. भाऊ रिमोटकडे बघत होता. तेहतीस.

"काय केलंस शेवटी?"

मी अंगठा पुढे करून दाखवला.

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने स्वतःचा अंगठा पुढे केला, हवेतच. एकदा, दोनदा. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"हलायला लागला तेव्हाच."

"म्हणजे पडायच्या आधी."

"आधी."

"आणि दवाखान्यात, मी बोललो तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

तो ड्रोनजवळ गेला. वाकून त्याने चार नंबर बाहेर काढली, सवयीने कापडाने पुसली आणि छातीशी धरून तिथेच उभा राहिला. त्याची माझ्याकडे पाठ होती. मला वाटलं, रडतोय. जवळ गेलो तर डोळे कोरडे होते आणि तोंड असं घट्ट झालं होतं की मला रागावलेल्या आमच्या वडिलांची आठवण झाली.

"आता जाऊ नकोस," मी म्हणालो. "मी उद्या गटात सगळं सांगतो. तुझं काम तुला परत मिळेल."

"सांग," तो म्हणाला. "पण मी जाणार. आधी वहिनीला तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून चाललो होतो." त्याने बॅटरी माझ्या हातात दिली. "आता ती लाज नाही. आता तुझ्याजवळ राहवत नाही."

तो बांधाकडे गेला. बायको उभी होती तिथे थांबला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तिने डावा हात वर करून त्याच्या डोक्यावर ठेवला एवढं दिसलं, आणि मग दोघं एकदम घराकडे गेले. मी रानात एकटाच, ड्रोन, रिमोट आणि बॅटरी घेऊन. तीन माणसांचं सामान एकट्याने उचलायचं म्हणजे दोन खेपा झाल्या.

दुसऱ्या दिवशी गटाच्या शेडमध्ये मी उभा राहून सांगितलं. तोंडानेच. पंचवीसेक माणसं होती. कोणी शिवी दिली नाही, ते जास्त जड गेलं. अध्यक्षांनी हात पुढे केला, मी रिमोट दिला. पुढच्या महिन्यात पुतण्याला शिकायला पाठवायचं ठरलं. तोवर ज्याने त्याने पंपाने फवारायचं. निघताना मळेवाला म्हणाला, "तुला आम्ही घार म्हणायचो, तेच चुकलं." बाकीचे पायात चपला घालत होते.

सोमवारी सकाळी भाऊ आमच्याकडे जेवायला बसला. सव्वा महिन्यात पहिल्यांदा, मधल्या घरात, आपल्या नेहमीच्या जागी. बायकोने डाव्या हाताने वाढलं, थोडं सांडलं. त्याने सांडलेलं उचलून ताटात घेतलं. दोनदा मागून घेतलं. आईने विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली: तिथे राहायला खोली आहे, पाणी आहे, फोन लागतो. मी समोरच बसलो होतो. मला त्याने काही विचारलं नाही आणि माझ्याकडे बघितलं नाही. जेवण झाल्यावर तो सवयीने ताट उचलायला लागला, तर बायको म्हणाली, "ठेव. तू कशाला?" आणि त्याने ताट ठेवलं, हात धुतले.

जाताना तो आईच्या आणि वहिनीच्या पाया पडला. माझ्यापाशी आला तेव्हा पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढे गेला. रस्त्यावर दोघंतिघं भेटले, त्यांच्याशी तो थांबून बोलला. मान वर होती. सव्वा महिना तो भिंतीच्या कडेने चालत होता, आता मधून चालला होता. बायको माझ्याजवळ दारात उभी होती. "बघा," ती म्हणाली, "कसा चाललाय."

मी बघत होतो. त्याची मान सरळ झाली, मला तेवढंच हवं होतं, असं म्हणालो असतो तर तेही खोटंच झालं असतं. मला तो हवा होता.